धावेचे चाक आणि तारेचे चाक

धानाच्या बांध्या, मालगुजारांनी बांधविलेले तलाव आणि वैनगंगेकाठची खेडी यांच्यामधून ज्या भंडारा जिल्ह्याची रहदारी पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या बळावर चालली, तेथे चाकाचे शास्त्र प्रथम सुतार-लोहारांच्या स्वाधीन होते. आणि मध्यभागी तुंबा, त्यात रोवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर पाटे व सर्वांना आवळणारी लोखंडी धाव, अशी प्रत्येक अवयवाची त्यांची स्वतंत्र संज्ञा होती. चाकाच्या परिघाहून किंचित आखूड असलेली धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल होईतो तापवावी, प्रसरण पावताच चाकावर चढवून घणाने ठोकावी आणि तत्क्षणी तिच्यावर पाणी ओतावे, म्हणजे आकुंचन पावणारे ते कडे पाट्यांसह आऱ्यांना तुंब्याकडे रेटते व गाडीचा भार तळचा आरा उभ्यानेच पेलतो.

सायकलीने हा न्याय उलटा केला. बारीक तार दाबली तर वाकते, परंतु ताणली असता विलक्षण बळ दाखविते. या गुणावर तारेचे चाक उभे आहे. इंग्लंडात जेम्स स्टार्ली यांनी १८७४ साली तिरप्या, परस्परांना छेदणाऱ्या तारांच्या रचनेचे पेटंट घेतले, त्याचे कारण असे की केंद्रातून सरळ निघालेली तार भार पेलते, पण पायडलाने हबाला दिलेला पीळ रिमपर्यंत पोहोचविण्यास ती असमर्थ ठरते.

आपल्याकडील काळ्या, भारदस्त सायकलीच्या पुढल्या चाकात ३२ व मागल्या चाकात ४० स्पोक असत, कारण स्वाराचा, कॅरिअरवरील तांदळाच्या पोत्याचा आणि साखळीच्या ओढीचा मुख्य भार मागेच पडतो. मागल्या हबाच्या प्रत्येक कडेला २० तारा. त्यांतील १० पुढे झुकलेल्या, १० मागे. आणि प्रत्येक तार आपल्याच बाजूच्या चार तारांना ओलांडून जाते, त्यातही अखेरच्या छेदापाशी दोहोंतील बाहेरची तार वरून न जाता खालून ओवली जाते. ही गुंफण मला विणकराच्या मागाइतकीच आदरणीय वाटते.

भंडारा रोड हे स्थानक शहरात नसून वरठीस असल्यामुळे, दफ्तरातल्या कारकुनास काय किंवा शाळामास्तरास काय, स्वतःची सायकल ही मोठीच सोय होती. स्वातंत्र्यानंतर आसनसोल, मद्रास आणि लुधियाना येथील कारखान्यांनी ती सामान्यांच्या आवाक्यात आणली. हब, रिम, निप्पल, कॉटर ही नावे मालासोबत आली. पण सायकल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने फोर्कला चिमटा म्हटले, बेअरिंगच्या गोळ्यांना छर्रे म्हटले, आणि डगमगणारे चाक सरळ करण्याच्या कामास ‘आऊट काढणे’ हे नाव दिले. तुंबा आणि धाव मात्र त्याच्या दुकानात शिरलीच नाहीत. माझ्या मते सायकलीचा मिस्त्री सुताराच्या शाळेत शिकलेला नव्हता, हेच त्याचे कारण असावे.

आऊट काढणारा मिस्त्री सायकल उलटी ठेवून चाक फिरवितो, चिमट्याशी खडू धरून रिमवर कोठे खूण उमटते ते पाहतो, आणि रिम ज्या बाजूस झुकली असेल तिकडील तारेच्या टोकाचा निप्पल पाव फेरा सैल करून समोरचा तितकाच आवळतो. मग बोटाने तारा छेडतो. ज्या तारेचा स्वर इतरांहून खाली, ती ढिली. नव्याने बांधलेले चाक काही दिवस भाराखाली चालल्यावर तारा आपापल्या जागी बसतात व थोड्या सैलावतात, म्हणून जाणता मिस्त्री गिऱ्हाइकास आठवड्याने पुन्हा बोलावून घेतो आणि तारा दुसऱ्यांदा आवळतो.