जामिनाचं वर्ष

भागोजी नाईक आधी पोलिसात होता. आजोबा गोष्ट इथूनच सुरू करायचे. डोंगर, गोळीबार, पाठलाग हे सगळं नंतर. ऐकणाऱ्याच्या मनात आधी त्याची सरकारी नोकरी ठसली पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे.

आजोबा सिन्नरकडचे. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली, वडिलांना तिथं फिटरची नोकरी लागली, आणि त्यांच्यामागं तेही बडोद्याला आले. रात्री जेवणं उरकली की अंगणात बाज टाकून बोलत बसत. रिफायनरीच्या चिमणीवरच्या ज्वाळेनं आभाळ तांबूस झालेलं असे आणि आम्ही पोरं नाशिक-पुणे रस्त्यावरच्या नांदूर शिंगोट्याला पोचलेलो असू.

ते भागोजीचं गाव. जातीनं भिल्ल, अहमदनगरच्या पोलिसात अंमलदार. भिल्लांना चाकरीत घेण्यामागं इंग्रजांचा हिशेब होता: ज्यांना डोंगरवाटा पाठ, त्यांच्याकडूनच त्या राखून घ्यायच्या. १८२५ साली आउट्रमनं खानदेशात भिल्ल पलटण उभी केली ती याच विचारानं. पण १८५५ साली भागोजीवर दंगा केल्याचा, पोलिसांना अडवल्याचा आणि धमकावल्याचा आरोप शाबीत झाला. ज्या खात्याचा तो माणूस, त्याच खात्याला धमकावल्याबद्दल त्याला तुरुंग मिळाला. सुटल्यावर वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला. सरकारी गॅझेटियरात हे सारं दोन-चार ओळींत आटोपलं आहे.

आजोबा मात्र त्या वर्षावर थांबत. "वर्षभर मान खाली घालून ऱ्हायला गडी. जामीनदाराला तोशीस लागू दिली नाही. वरीस सरलं, आन् सरकारनं हत्यारं मागितली."

हत्यारबंदीचा हुकूम सगळ्यांसाठीच होता. उत्तरेत १८५७चा वणवा पेटला होता आणि सरकार धास्तावलं होतं. भागोजीनं गाव सोडलं. पन्नासेक भिल्ल त्याच्याभोवती जमले आणि गावापासून मैलभरावर, रस्ता नजरेच्या टप्प्यात राहील अशा जागी त्यांनी ठाण मांडलं. पुस्तकांत त्याचं नाव सत्तावन्नच्या बंडवाल्यांत येतं. ते योग्यच आहे. तरी मला वाटतं, दिल्ली-मीरतेच्या बातम्यांआधी त्याचा झगडा आपल्या खात्याशी होता. ज्याला बंडच करायचं असतं तो जामिनाची मुदत पाळत बसत नाही. ती मुदत पाळूनही सरकारचा विश्वास बसला नाही, हे त्याला लागलं असणार.

४ ऑक्टोबर १८५७ रोजी पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री त्याच्यावर चालून गेला आणि त्या चकमकीत मारला गेला. मग दोन वर्षं पाठलाग चालला. कॅप्टन नटॉलनं त्यासाठी डोंगरी कोळ्यांची पलटण उभारली. एका डोंगरी जमातीमागं दुसरी लावली. आमच्या घरच्या जुन्या बायका सांगत, दिवसा शिपायांना भाकरी थापायची आणि रात्री भागोजीच्या माणसांना. दोघांनाही नाही म्हणायची सोय नव्हती. गावंही लुटली गेली. ऑक्टोबर १८५९ मध्ये कोपरगावाकडचं कोऱ्हाळे त्यानं लुटलं, हे आजोबा कधी लपवत नसत. लुटलेल्या घरांचं दुःखही याच गोष्टीतलं आहे आणि ते वगळून भागोजीला मोठं करणं मला पटत नाही.

११ नोव्हेंबर १८५९ला फ्रँक सूटरनं सिन्नर तालुक्यात मिठसागऱ्याला त्याला गाठलं. भागोजी लढताना पडला, आणि त्याच्याबरोबरचे बहुतेक भिल्लही. सूटर पुढं १८६४ साली मुंबईचा पोलीस कमिशनर झाला आणि १८८८ पर्यंत त्या पदावर राहिला.

हेन्री, नटॉल, सूटर ही नावं आजोबा क्रमानं घेत, पण त्यांच्यावर त्यांचा राग नसे. ते हुकमाचे ताबेदार, असं म्हणत. त्यांचा राग होता १८५५ साली कचेरीत बसलेल्या कुणा साहेबावर, ज्यानं आपल्याच शिपायाला समोर बसवून काय झालं ते विचारलं नाही.