लोण्याचें फळ

बंगळुरांत राहिलेल्या मराठी कुटुंबांस 'बटर फ्रूट' हें नांव नवें नाहीं. कानडींतहि त्यास 'बेण्णे हण्णु', म्हणजे लोण्याचें फळच म्हणतात. मुंबई-पुण्याच्या बाजारांत तेंच फळ 'अ‍ॅव्होकॅडो' या नांवानें येतें, आणि नांवाबरोबर त्याचा रुबाबहि वाढतो. परंतु लोण्याशीं केलेली ही तुलना आपल्याकडील नव्हे. मार्तिन फेर्नांदेस दे एन्सिसो या स्पॅनिश गृहस्थानें इ. स. १५१९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या भूगोलग्रंथांत, दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर पाहिलेल्या या फळाचा गर लोण्यासारखा असून चव फार उत्तम असते, असें लिहून ठेविलें आहे. युरोपियनानें केलेलें या फळाचें पहिलें छापील वर्णन तें हेंच.

यांत एक मौज आहे. ज्या लोकांचें हें मूळचें अन्न, त्यांस लोणी ठाऊकच नव्हतें! स्पॅनिश लोक येण्यापूर्वीं मेक्सिकोंत गाय नव्हती, म्हैस नव्हती, शेळी नव्हती. मग दूध, दहीं, तूप कोठून असणार? मका, घेवडा, भोपळा आणि मिरची यांवर त्यांचा निर्वाह. अशा आहारांत जो स्निग्धपणा हवा, त्याचा मोठा वांटा या झाडानें उचलला. तेवाकान खोऱ्यांतील गुहांच्या उत्खननांत या फळाच्या हजारों वर्षांपूर्वींच्या बिया सांपडल्या आहेत. इतका हा संबंध जुना. नाव्हात्ल भाषेंत त्यास 'आवाकात्ल' म्हणत. त्याचें स्पॅनिशांत 'आग्वाकाते' झालें. दगडी खलांत मिरचीबरोबर त्याचा गर ठेंचून केलेलें तोंडीलावणें म्हणजे 'आवाकामोल्ली'. जगभर 'ग्वाकामोले' म्हणून जें मिरवतें तें हेंच. आपल्या खलबत्त्यांतल्या ठेंच्याचा हा दूरचा भाऊ म्हणावयास हरकत नाहीं.

इंग्रज दर्यावर्दी विल्यम डँपियर यानें १६९७ मध्यें छापलेल्या प्रवासवर्णनांत या फळाच्या दोन कृति दिल्या आहेत. एक, साखर व लिंबाचा रस घालून ताटलींत फेंटून खाणें. दुसरी, नुसत्या मिठाबरोबर व भाजलेल्या केळ्याबरोबर खाणें. कसेंहि खा, तें प्रकृतीस हितकरच, असा त्याचा निर्वाळा आहे. पुढें इंग्रजी जहाजांवर यास 'मिडशिपमनचें लोणी' असें थट्टेचें नांव पडलें. महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या त्या तरुण उमेदवारांस खरें लोणी मिळणें कठीण. मग दगडासारख्या बिस्किटांवर हा गर फांसून ते वेळ मारून नेत. लोण्याच्या जागीं हें फळ आलें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें कारण पुढें येईल.

विसाव्या शतकांत कॅलिफोर्नियानें त्याचा व्यापार केला. कार्ल श्मिट या तरुणानें १९११ मध्यें मेक्सिकोंतील आत्लिस्को येथून डोळे भरण्यासाठीं काड्या आणल्या. त्यांपैकीं एका जातीचीं रोपें १९१३ च्या कडक थंडींत टिकलीं, म्हणून त्या जातीस 'फुएर्ते', म्हणजे बळकट, असें नांव मिळालें. तिला मागें टाकणारी जात मात्र एका पोस्टमनच्या परसांत निघाली. रुडॉल्फ हॅस यानें लाविलेलें तें झाड इतकें नांवाजलें कीं १९३५ मध्यें त्यानें त्याचें पेटंट घेतलें. आज जगाच्या बाजारांत जीं काळपट, खरबरीत सालीचीं फळें येतात, तीं बहुतेक त्याच एका झाडाचा कलमी वंश होत. मूळ झाड २००२ सालीं मेलें.

या फळाच्या शंभर ग्रॅम गरांत सुमारें पंधरा ग्रॅम स्निग्धांश, सात ग्रॅम चोथा आणि केळ्यापेक्षांहि अधिक पोटॅशियम असतें. हा स्निग्धांशच त्याच्या मुळावर आला. १९७७ मध्यें अमेरिकन सिनेटच्या एका समितीनें आहारांतील चरबी कमी करण्याचा उपदेश केला, आणि पुढें कांहीं वर्षें चरबी तेवढी सारी वाईट असा समज पसरला. त्यांत ऑलिव्हच्या तेलासारखें ओलेइक आम्ल मुख्य असलेलें हें फळहि लोण्याच्याच पंगतीस बसविलें गेलें. पुढें मतें पालटलीं, आणि आतां तर त्याची स्तुति कानठळ्या बसवूं लागली आहे.

या स्तुतींत खरें किती? २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत एक लाख दहा हजारांहून अधिक माणसांचा तीस वर्षांचा आहार तपासला होता. आठवड्यांतून निदान दोन वेळां अर्धें फळ खाणारांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचें एकूण प्रमाण सोळा टक्क्यांनीं कमी आढळलें. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. असें फळ नेमानें घेणारा मनुष्य इतर बाबतींतहि जपणारा असूं शकतो. त्याच वर्षीं दुसरा, खराखुरा प्रयोगहि प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें हजार स्थूल माणसांपैकीं निम्म्यांस सहा महिने रोज एक फळ दिलें; पोटांतील चरबी कांहीं कमी झाली नाहीं, कोलेस्टेरॉल मात्र किंचित्‌ उतरलें. माझ्या मतें मर्म पहिल्या पाहणींतील एका हिशेबांत आहे: लोणी, चीज किंवा अशाच पदार्थांच्या *जागीं* हें फळ घेतलें, तर धोका कमी दिसतो. नेहमींच्या जेवणावर आणखी एक फळ चढविण्यांत विशेष पुरुषार्थ नाहीं. जहाजावरील त्या पोरांनीं नाइलाजानें केलें, तें आपण समजून करावें, इतकेंच.

आणखी एक गुण निश्चित आहे. टोमॅटो, गाजर यांतील रंगद्रव्यें स्निग्धाशिवाय अंगीं लागत नाहींत. या कोशिंबिरींत हा गर घातल्यास तीं पुष्कळ अधिक शोषलीं जातात, असें २००५ मधील एका प्रयोगानें दाखविलें. अर्थात्‌ दाण्याचें कूट घालणाऱ्या आपल्या आज्या असा स्निग्धांश पूर्वींपासूनच पुरवीत आल्या आहेत, आणि शेंगदाण्यांतहि ओलेइक आम्ल भरपूर असतें. ज्यास हें फळ परवडत नाहीं, त्यानें खंत करूं नये.

ब्राझिलांत तें साखर-लिंबाबरोबर खातात, इंडोनेशियांत दुधांत घुसळून त्यावर चॉकोलेट ओततात, बंगळुरांतहि दूध-साखर घालूनच पितात. साखरेनें त्याचें पथ्य बिघडतें हें उघड आहे. मला स्वतःला मिठाची बाजू पसंत. फळ झाडावर मऊ होत नाहीं, उतरल्यावरच पिकतें. म्हणून कठीण फळ घेऊन केळ्याशेजारीं कागदांत गुंडाळून ठेवावें, आणि देंठाजवळ दाबल्यास जरा दबेल तेव्हां चिरावें. चिरलेला गर लवकर काळा पडतो. लगेच लिंबू पिळावें. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ घालून तो ठेंचावा व गरम ज्वारीच्या भाकरीवर, लोण्याचा गोळा बाजूला ठेवून, घ्यावा.