रिपोर्टवरची तीन अक्षरं

शनिशिंगणापूरच्या बाजूचा माझा एक जुना विद्यार्थी नोकरीसाठी आखातात निघाला होता. व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत रिपोर्ट आला : एचबीएसएजी पॉझिटिव्ह. तब्येत ठणठणीत, पण शिक्का ‘अनफिट’. घरात रडारड झाली, ठरत आलेलं लग्न थांबलं. आपल्या घरांत हे नवीन नाही. पण या अक्षरांचा अर्थ काय, हे त्या घरात कुणीच सांगितलं नव्हतं.

कावीळ म्हणा की उर्दूतलं यरकान, ओळख पटते ती रंगावरून. इब्ने सीनाच्या ‘अल-कानून’मध्येही यरकान पिवळा आणि काळा, असा रंगानेच ओळखला जातो. कारण वेगळं काढायला विसावं शतक उजाडावं लागलं, आणि तेही चुकून.

अमेरिकेतले बरूक ब्लुमबर्ग काविळीच्या मागे नव्हतेच. वेगवेगळ्या लोकसमूहांच्या रक्तातली प्रथिनं आनुवंशिकतेने कशी बदलतात, हे ते पाहत होते. पद्धत साधी. अगरच्या पातळ थरात खड्डे पाडायचे, एका खड्ड्यात एकाचं सीरम, शेजारच्यात दुसऱ्याचं. दोन्ही झिरपत एकमेकांकडे येतात, जुळलं तर मध्ये पांढरी रेघ उमटते. १९६३मध्ये अनेकदा रक्त घेतलेल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाचं सीरम आणि ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीचं सीरम यांच्यामध्ये अशी रेघ आली. नाव पडलं ऑस्ट्रेलिया अँटिजेन. काही वर्षं तो आनुवंशिक गुणच वाटत होता. १९६७मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या बार्बरा वर्नर आजारी पडल्या. त्यांनी स्वतःचं रक्त तपासलं, तर आधी नसलेली रेघ आता होती, आणि पाठोपाठ कावीळही. जन्मजात गुण असा मध्येच उगवत नाही.

मग हा अँटिजेन सीझियम क्लोराइडच्या द्रावणात वेगाने फिरवून वेगळा काढला गेला. सूक्ष्मदर्शकाखाली दिसले २२ नॅनोमीटरचे गोळे, आत जनुकं नाहीत. म्हणजे विषाणू नव्हेच, त्याची रिकामी टरफलं! यकृताच्या पेशी ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवून रक्तात सोडतात. १९७०मध्ये लंडनमध्ये डेव्हिड डेन यांना ४२ नॅनोमीटरचा भरलेला कण दिसला, तो खरा विषाणू. पुढच्याच वर्षी जून अल्मेडा आणि सहकाऱ्यांनी डिटर्जंटने त्याचं आवरण काढलं. आतल्या गाभ्याचा अँटिजेन बाहेरच्यापेक्षा निराळा निघाला. या अल्मेडा ग्लासगोच्या बसचालकाची मुलगी, सोळाव्या वर्षी शाळा सोडलेली. (आम्हा बीएड वाल्यांनी हे लक्षात ठेवावं.) १९७२मध्ये स्वीडनमध्ये तिसरा सापडला, ई.

तर एस म्हणजे सरफेस, बाहेरचं आवरण. हे रक्तात असणं म्हणजे विषाणू शरीरात आहे; सहा महिन्यांनंतरही राहिलं तर संसर्ग दीर्घकालीन. सी म्हणजे कोअर, गाभा. तो रक्तात मोकळा फिरत नाही, म्हणून रिपोर्टमध्ये त्याविरुद्धच्या अँटिबॉडी पाहतात. ई असेल तर सहसा विषाणू जोरात वाढतोय. लस दिली नाही तर अशा आईच्या दहातल्या सात ते नऊ बाळांना संसर्ग होतो. एकट्या एसवरून कुणाचं यकृत किती बिघडलंय हे कळत नाही. त्यासाठी पुढच्या तपासण्या लागतात, आणि उपचार आहेत.

पण ई नाही म्हणून निर्धास्तही राहू नये. २००९मध्ये गुजरातेत मोडासा परिसरात दूषित सुयांमधून बी पसरला, अनेक माणसं दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तिथले नमुने तपासले, तेव्हा ई बनवण्याच्या भागात बदल झालेले विषाणू त्यात सापडले. आपल्याकडे ‘डॉक्टर, सुई द्याच’ असा आग्रह धरणाऱ्यांनी सुई नवीन आहे का, हेही विचारावं. एका दस्तरख्वानवर जेवल्याने, मुसाफा केल्याने हा आजार पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात पसरतो.

ती रिकामी टरफलंच पुढे लस झाली. १९८१मध्ये ती बाधितांच्या रक्तातून काढून शुद्ध केलेली होती, १९८६पासून यीस्टमध्ये बनू लागली. १९९७मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती भारतात बनवून स्वस्त केली, पुढे पुण्याचं सीरम इन्स्टिट्यूटही बनवू लागलं. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. पहिला डोस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत.