नवरात्रातील वेफर्स : चव न घातलेल्या जिन्नसांची

घटस्थापना जवळ आली की कोल्हापुरात महाद्वार रोड आणि कपिलतीर्थ मंडईच्या परिसरात उपवासाच्या पदार्थांची खरेदी सुरू होते. साबुदाणा, वरी, शेंगदाणे यांच्या जोडीला बटाट्याचे वेफर्स हा आता नवरात्राचा ठरलेला जिन्नस झाला आहे. इंग्लंडमध्ये डिसेंबर आला की नाताळच्या मेजवानीतील टर्कीची चव दिलेले वेफर्स दुकानांत दिसू लागतात. नवरात्रातील वेफर्स मात्र उलट्या वाटेने सणाचे होतात. त्यांत काय घातले, यापेक्षा काय घातले नाही, यावर त्यांची ओळख ठरते.

कोल्हापुरी जिभेला हे अधिकच जाणवते. येथील रोजच्या चटणीत कांदा आणि लसूण असतो; उपवासाला दोन्ही वर्ज्य. हळद आणि हिंगही बहुतेक घरांत चालत नाही. उरते ते मीठ, साधे तिखट आणि एखाद्या घरात जिरे. एरवीच्या मसाला वेफर्सवरील चवीचा थर असा निघून गेला की झाकायला काहीच राहत नाही. बटाटा कसा होता आणि तेल ताजे होते की नाही, हे पहिल्या घासालाच कळते.

अडचण आहे ती आश्विनातील बटाट्याची. उत्तरेकडील रब्बीचा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि शीतगृहात जातो. तेथे 2 ते 4 अंश सेल्सिअसला महिनोन्‌महिने राहिलेल्या बटाट्यातील स्टार्चची हळूहळू साखर होते. तळताना ही साखर बटाट्यातील अमिनो आम्लांशी संयोग पावते आणि काप तांबूस, कडसर होतात. वेफर्सच्या कारखान्यांसाठीचा बटाटा त्यामुळेच तुलनेने उबदार जागी साठवतात. लालसर काप केवळ चवीलाच वाईट असतात असे नाही. त्याच प्रक्रियेत ॲक्रिलामाइड हे अपायकारक द्रव्यही तयार होते. असे काप बाजूला काढलेले बरे.

घरोघरच्या वाळवणाने हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला होता. चैत्र-वैशाखात बटाटा नवा असतानाच काप पाडायचे, तुरटीच्या पाण्यातून काढायचे, मीठ घातलेल्या पाण्यात अर्धेकच्चे उकडायचे आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवून डब्यात भरायचे. उकडताना बरीचशी साखर पाण्यात उतरते. त्यामुळे सहा महिन्यांनी तळले तरी हे वेफर्स पांढरेशुभ्र फुलतात. ताज्या तळलेल्या वेफर्सचा नाजूकपणा त्यांत नसतो. ते किंचित टणक असतात, पण मीठ आतपर्यंत मुरलेले असते आणि उकडलेल्या बटाट्याची चव राहते. दोन्ही शेजारी ठेवून खाल्ले तर वाळवणाचेच वेफर्स सरस वाटतात. गच्च्या गेल्या आणि फ्लॅट आले, तेव्हापासून हा डबा अनेक घरांतून दिसेनासा झाला. महिला बचत गटांकडे तो अजून विकत मिळतो.

विकतच्या पाकिटाबाबत कडक उपवास करणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. हिरव्या ठिपक्यातून पदार्थ शाकाहारी आहे, एवढेच कळते. घटकांच्या यादीत कांदा-लसणाची पूड आहे का आणि तेल कोणते, हे वाचावे लागते. सुट्या वेफर्सना तर यादीही नसते. ज्या कढईत शेव-भजी तळली, तिच्यातच वेफर्स तळले का, हे दुकानदाराला विचारण्यात संकोच नको.

गंमत अशी, की उपवासाच्या ताटातील बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे सारे मूळचे अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकापूर्वी यांतील एकही येथे नव्हते. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला. वरी तेवढी या ताटातील जुनी रहिवासी.

कच्च्या बटाट्यात सुमारे 80 टक्के पाणी असते. तळताना ते जवळजवळ सगळे उडून जाते आणि तयार वेफर्सच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तेलाचा असतो. नऊ दिवस एकभुक्त राहून दुपारी वेफर्सवर भागवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. रक्तदाब असलेल्यांनी सैंधवावरही विसंबू नये, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते.