जालन्याची लोकवस्ती आणि कलालांची दुकाने

जालन्यात ‘कोटाच्या आत लाखभर वस्ती’ होती, हे विधान टिकत नाही. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी जालन्याची पेठ लुटली. लूट मोठी होती म्हणून गावही अफाट असणार, असा समज त्यातून होतो. पण पेठेची दौलत आणि माणसांची संख्या या वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच नंतरच्या, १९०१ च्या शिरगणतीतही जालना २०,२७० आणि कुंडलिका नदीपलीकडचे कादराबाद ११,१५९, म्हणजे दोन्ही मिळून ३१,४२९. ही गणती १८९९-१९०० च्या दुष्काळानंतरची, म्हणून आकडा उतरला असेल, हा आक्षेप रास्त आहे. तरी तो दुप्पट धरला, तरी लाख भरत नाही. शिवाय एकमजली-दुमजली घरे, वाडे, आड, बागा असलेल्या तटबंद गावात हेक्टरी शंभर ते दोनशे माणसे धरतात. त्या हिशेबाने लाखाला पाच ते दहा चौरस किलोमीटरचा कोट लागेल. तांडे आणि लष्कर येई तेव्हा गर्दी फुगे हे खरे, पण त्यांचा तळ बहुधा वेशीबाहेर पडे.

मद्यगृहांची गणना तर आणखी जपून करावी. युरोपात खाणे, पिणे, मुक्काम अनेकदा एका छपराखाली होई. इकडे दारू कलालाकडे, म्हणजे दारू विकणाऱ्याकडे, मुक्काम सराईत किंवा धर्मशाळेत. त्यामुळे लंडनमधले वस्तीमागे मद्यगृहांचे प्रमाण जालन्याला लावून दुकाने मोजणे मुळातच चूक. कलालाचे गिऱ्हाईक मुख्यतः गावातले, सराईचे वाटसरू. दोन्हींचा हिशेब वेगवेगळाच मांडावा लागतो.