मेंदूचा नकाशा
देशाचा नकाशा सर्वांना एकच पुरतो. मेंदूचे तसे नाही. क्षकिरणादी साधनांनी घेतलेल्या मेंदूच्या चित्रात निरनिराळ्या भागांच्या सीमा संगणकाकडून आखून घ्यावयाच्या, तर त्याची एक रीत म्हणजे त्याला आधी एक नमुना देणे. पॅरिसचे शल्यविशारद तालेराक यांनी तूर्नू यांच्यासह १९८८ साली असा नकाशा प्रसिद्ध केला. तो ६० वर्षांच्या एका मृत स्त्रीच्या मेंदूवरून काढलेला होता. एकीचा मेंदू सर्वांचे माप कसा ठरावा? म्हणून मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी १९९३ साली ३०५ व्यक्तींच्या मेंदूचित्रांची सरासरी सिद्ध केली. असा नमुना संगणक रुग्णाच्या चित्रावर ताणून बसवितो व सीमा आखतो. परंतु त्या व्यक्ती बहुतांशी तरुण व निरोगी होत्या. वार्धक्याने आकसलेल्या मेंदूवर ती रेषा चुकू शकते. म्हणून तिच्यावर अखेरची नजर डॉक्टरांचीच हवी.