कॉम्प्युटर चालू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हा इतिहास ऐका

आजचा विषय तुमच्या खिशातला नाही, टेबलाखालचा आहे. घरातला जुना डेस्कटॉप. बाबांच्या दुकानाचा हिशोब त्यात, ताईच्या लग्नाचे फोटो त्यात, आजोबांनी एका बोटाने टाइप केलेली वंशावळ त्यात. एक दिवस बटण दाबलं, पंखा फिरला, आणि पुढे काहीच नाही.

मग काय? डबा स्कूटीवर पायाशी ठेवायचा आणि सीताबर्डी गाठायची. दुकानातला भाऊ पाच मिनिटं बघतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारावं लागते." आपण मान डोलावतो. संध्याकाळी कॉम्प्युटर चालू, फोटो गायब.

माझं म्हणणं असं आहे की "चालू होत नाही" हा एक आजार नाहीच. बटण दाबल्यापासून स्क्रीनवर आयकॉन दिसेपर्यंत मशीन बऱ्याच पायऱ्या चढतं, आणि प्रत्येक पायरी वेगळ्या काळात बांधलेली आहे. गाडी कुठल्या पायरीवर अडली हे कळलं, तर बहुतेक वेळा फॉरमॅटची गरजच पडत नाही.

"बूट" हा शब्दच घ्या. बुटाच्या मागे ओढायला पट्टी असते ना, ती धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचं, अशी ती इंग्रजी कल्पना. कारण अडचण तशीच होती. प्रोग्राम डिस्कवर आहे, आणि डिस्क वाचायला प्रोग्राम लागतो. कपाटाची चावी कपाटातच राहिली! १९७५ च्या अल्टेअर ८८०० वर लोक पुढच्या पॅनलवरची बटणं वर-खाली करून तो पहिला छोटा प्रोग्राम हाताने भरायचे. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी आला, त्यात ही पहिली चावी एका चिपमध्ये कायमची ठेवलेली होती. तीच बायॉस. ती आधी मशीनची तपासणी करते आणि सगळं ठीक असेल तर एक छोटी "बीप" देते. सारखी बीप-बीप वाजत असेल तर बरेचदा रॅम नीट बसलेली नसते. प्लग काढून, रॅमच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवून परत बसवायची ही आपल्याकडची युक्ती जादू नाही. तिथला गंज आणि मळ निघतो, एवढंच. आणि नागपुरात उन्हाळाभर कूलरची दमट हवा आणि धूळ एकत्र खाणाऱ्या मशीनला तो धरतोच.

पण बीपही नसेल तर? मग वीज बघायची. इथे नागपूरचा स्वतःचा धडा आहे. शहराच्या कुशीतच कोराडीचं वीज केंद्र, १९७४ पासून चालू. तरीही २००५ नंतरची काही वर्षं आपण भारनियमनात काढली. (दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.) लाइट जायची, झटक्यात यायची, आणि तो झटका आधी पॉवर सप्लायला, म्हणजे एसएमपीएसला बसायचा. त्या काळात घरात यूपीएस असणं ही चैन नव्हती, ती डेस्कटॉपची विमा पॉलिसी होती.

त्याच काळात जगभरातल्या मदरबोर्डांवर एक साथ आली होती. साधारण १९९९ ते २००७ मध्ये बनलेल्या कितीतरी बोर्डांवरचे कपॅसिटर, ते छोटे उभे डबे, आतल्या खराब रसायनामुळे गॅस धरून फुगायचे. एकट्या डेलने २००५ मध्ये या दुरुस्त्यांसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. आता कपॅसिटरचा ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य अर्धं. २३ मे २०१३ ला नागपूरला ४७.९ अंश नोंदले गेले. बंद डब्याच्या आत किती असेल, विचार करा. म्हणून झाकण उघडल्यावर आधी डोळ्यांनी बघा. कपॅसिटरचं डोकं सपाट आहे की पुरीसारखं टम्म? टम्म असेल तर दोष बोर्डाचा. डिस्कमधल्या फोटोंनी कुणाचं काही बिघडवलेलं नाही. फक्त एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जोरदार करंट साठलेला असतो.

स्क्रीन येते, पण तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षाची दाखवते? हा १९८४ चा वारसा. आयबीएमच्या पीसी एटीमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ आलं. आज तिथे नाण्यासारखा सीआर२०३२ सेल असतो. तो संपला की मशीन वेळ विसरतं, मग प्रत्येक वेबसाइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून ओरडते आणि आपल्याला वाटतं व्हायरस आला.

खऱ्या व्हायरसची पायरी पुढची, डिस्कच्या पहिल्या भागाची. ९० च्या दशकात सुरू न होणाऱ्या पीसीला पहिला प्रश्न असायचा, "फ्लॉपी आत राहिली का?" मशीन आधी फ्लॉपी वाचायचं, आणि १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ब्रेन व्हायरस याच दारातून आत आला होता. मग आला मायकलअँजेलो. तो वर्षभर गप्प बसायचा आणि ६ मार्चला डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा.

याच वेळी पुण्यात कैलाश काटकर नावाचा मराठी माणूस कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर दुरुस्तीत आला. कॉलेजचं तोंड न पाहिलेला. मशिनी परत परत येत होत्या, कारण बिघाड हार्डवेअरचा नव्हता, व्हायरसचा होता. दरवेळी डिस्क पुसून देण्याऐवजी धाकट्या भावाने, संजयने, व्हायरस साफ करणारा प्रोग्राम लिहिला. पुढे तोच क्विक हील झाला. म्हणजे भारतातली एक मोठी अँटिव्हायरस कंपनी दुरुस्तीच्या टेबलावर जन्मली. मला ही गोष्ट कुठल्याही स्टार्टअपच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते.

आणि मग २६ एप्रिल १९९९, सोमवार. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी जागा झाला. चेर्नोबिल दुर्घटनेची तीच तारीख, म्हणून त्याला चेर्नोबिल व्हायरसही म्हणतात. दक्षिण कोरिया, तुर्कस्तान आणि भारतातही लोकांनी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. बीप नाही, अक्षर नाही. या व्हायरसने दोन कामं केली होती. काही बोर्डांवरची बायॉस चिपच पुसली, आणि डिस्कचा पहिला १ एमबी भाग कचऱ्याने भरला. बोर्ड जळला असं वाटावं, पण जळलेलं काहीच नव्हतं.

आता गंमत बघा. डिस्कवर फाइल कुठे आहे याची एक यादी असते, आणि त्या वेळच्या फॅट३२ पद्धतीत त्या यादीची दुसरी प्रत पुढे ठेवलेली असायची. डिस्क मोठी असेल तर ती दुसरी प्रत बरेचदा शाबूत राहायची. ज्यांनी धीर धरला, त्यांच्या फाइल परत मिळू शकत होत्या. ज्यांनी घाईने फॉरमॅट मारून वर नवीन विंडोज टाकलं, त्यांनी व्हायरसचं उरलेलं काम स्वतः पूर्ण केलं.

म्हणून दुकानात गेलात तर भाऊला एवढंच म्हणा, "दादा, आधी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा, डेटा काढा, मग काय मारायचं ते मारा." पेन ड्राइव्हवर लिनक्स टाकून त्यावरून मशीन सुरू केलं तरी जमतं. मात्र डिस्क कट-कट आवाज करत असेल तर सारखी चालू-बंद करू नका, प्रत्येक फेरीत ती आणखी खराब होते.

शेवटची पायरी विंडोजची. सेफ मोड आला विंडोज ९५ सोबत, कमीत कमी सामान घेऊन उभं राहण्यासाठी. तो जुना झाला असं वाटत असतानाच १९ जुलै २०२४ उजाडला. क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशिनी निळ्या स्क्रीनवर अडकल्या. भारतात इंडिगोच्या प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय काय होता? बहुतेक ठिकाणी माणसाने मशीनपाशी जायचं, सेफ मोडमध्ये शिरायचं, एक फाइल उडवायची. त्यासाठी फॉरमॅट मारायची गरज नव्हती.

पण अनेक ऑफिसांत लोक तिथेही अडकले, कारण डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की हाताशी नव्हती. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की घरच्या बऱ्याच मशिनींवरही हे कुलूप आपोआप लागतं. त्याची की त्याच अकाउंटमध्ये साठवलेली असते. मोबाइल हातात आहेच तर आज रात्री लॉगिन करून बघा, ती दिसते का. आणि घरातला पीसी बाबांच्या ईमेलवर असेल, तर त्यांना पासवर्ड आठवतो का तेही विचारून घ्या.